ठिपका, शेपटी आणि मालनअक्का

मालनअक्का कुणालाही "तुमचं नाव काय?" असं विचारायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "घरात आई काय म्हणून हाक मारते?" समोर कुणीही असो, ट्रकांचा मालक असो नाहीतर पंचायतीचा सदस्य, तो या प्रश्नानं क्षणभर गडबडायचा. मग इकडंतिकडं बघून जरा खालच्या आवाजात घरातलं नाव सांगायचा. ते ऐकताना अक्का डोळे मिटून घ्यायच्या. डोळे उघडले की बोटं चालू. "कागदावरचं नाव कागदावर असतंयच की," त्या म्हणायच्या. "पण ते म्हणायचं कसं, ते आईलाच ठाऊक असतंय."

रामनगरात बेळगाव-गोवा रस्त्यावर, स्टँडच्या थोडं पुढं, टायरच्या दुकानावर एक माडी होती. त्या माडीवर अक्कांचा टायपिंगचा क्लास होता. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही शिकवायच्या. सुरुवातीला नुसती टाइपरायटरं होती, नंतर कॉम्प्युटर आले, पण दोन जुनी टाइपरायटरं त्यांनी काढली नाहीत. लाइट गेली की त्यांच्यावरची कापडं निघायची आणि क्लास चालू राहायचा. क्लासला जोडूनच लग्नपत्रिका, अर्ज, दुकानाच्या पाट्यांचा मजकूर असलं काम असायचं. खालून दिवसभर गोव्याच्या गाड्या जात. खिडकीच्या काचा थरथरत आणि पोरांची बोटं चालूच असत.

अक्कांचं मूळ गाव खानापूरकडचं. वडील धान्याच्या व्यापारासाठी रामनगरला आले आणि इथलेच झाले. अक्का बेळगावात टायपिंग शिकल्या. तिथंच कुठल्याशा कचेरीत नोकरी मिळत होती, पण आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या आणि आईच्या मागं ही माडी भाड्यानं घेतली. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलंच तर "टाइम मिळाला न्हाई" एवढं म्हणून समोरच्याची चूक दाखवायला लागायच्या. बोलणं अस्सल तिकडचं. त्या भागात बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात, तसं अक्काही म्हणायच्या. मी अणशीकडची, कुणब्यांच्या वाडीतली. कॉलेजसाठी रामनगरला मावशीकडं राहायला आले होते. पहिल्या दिवशी अक्कांचं "मी सांगतो ते ऐक" ऐकून मला हसू आलं होतं. महिन्याभरात मीही तसंच बोलायला लागले.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव इंग्रजीत टाइप करायला सांगितलं. मी शाळेत शिकले होते तसं केलं, Sunanda Velip. अक्कांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यात तुझा ळ कुठाय?"

"इंग्रजीत ळ नसतो, अक्का."

"म्हणजे तू वेलीप. वेल भोपळ्याची असते. तू भोपळ्याची हायस?"

आमच्या लोकांत वेळीप हा गावदेवाचं करणाऱ्याचा मान आहे. माझ्या आजोबांनी तो चालवला होता. अक्कांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि वर्डमध्ये एक, ई, तीन, सात अशी अक्षरं-आकडे टाइप केले. मग आल्ट दाबून एक्स दाबला. ते चारही नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी एल उभा राहिला, पायाशी बारीक ठिपका घेऊन. "हा तुझा ळ," त्या म्हणाल्या. "परीक्षेचं खातं हा ठिपका घेणार न्हाई, तिथं साधा एल दे, भांडत बसू नको. पण आपल्या क्लासच्या कागदावर ठिपका राहणार." क्लासच्या हजेरीपटावर माझं नाव शेवटपर्यंत त्या ठिपक्यासकट होतं.

"चालतंय की" हे आमच्याकडचं सगळ्यात आवडतं वाक्य. बस उशिरा आली, चालतंय की. भाजीत मीठ कमी पडलं, चालतंय की. अक्कांच्या माडीवर मात्र ते चालायचं नाही. कुणी म्हणालं, "ऱ्ह ऐवजी र्ह पडलाय, चालतंय की," तर त्या तो कागद त्याच्याकडं परत सरकवायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. रफार कुठं द्यायचा आणि र चं अर्धं चंद्रकोरीसारखं रूप कुठं, हे त्यांनी आम्हाला दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द देऊन शिकवलं. "एकात पाणी हाय, एकात झाडं हायती. मला कारवारला जायचं असलं आणि तू अणशीच्या घाटात उतरवलीस तर?" आम्ही हसलो, पण ती कळ कुठली ते पुन्हा कधी विसरलो नाही.

एकदा एक मराठी मुलगा आणि हल्याळकडची कन्नड मुलगी यांची पत्रिका आली. मुलीचं नाव चॆन्नम्मा. आपल्या नेहमीच्या मराठीत चे लिहिला की लोक तो लांबवतात, आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा. अक्कांनी चिन्हांच्या तक्त्यातून ऱ्हस्व ए ची मात्रा शोधून काढली. देवनागरीत ती आहे, पण कुणी वापरत नाही. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी कच्ची प्रत हातात घेऊन बराच वेळ निरखली.

"अक्का, मात्रा उलटी पडल्यासारखी दिसतेय."

"सुलटीच हाय. पोरीच्या बापाला वाचायला लावा."

मुलीचे वडील सोबत होते. त्यांना मराठी अक्षर ओळखीचं होतं, पण मराठी पत्रिका वाचायची सवय नव्हती. त्यांनी अडखळत वरच्या ओळी वाचल्या आणि मुलीच्या नावापाशी आले. ते नाव त्यांनी वाचलं ते अगदी घरात हाक मारल्यासारखं. मग मान वर करून म्हणाले, "हां, हीच आमची पोरगी." पत्रिका तशीच छापली गेली. लग्नात कुणी मात्रेबद्दल विचारलं की मुलाचे वडील आता स्वतः समजावून सांगत होते.

अक्कांना सगळं आधीपासून येत होतं असं नाही. बेकरीवाल्या रोझामाय आल्या तेव्हा त्यांना काहीच येत नव्हतं. रोझामायचं कुटुंब मूळ गोव्याचं. नवरा वारला होता आणि त्याच्या कबरीच्या दगडावर नाव कोरायचं होतं. दगड खानापूरकडचा एक कारागीर कोरणार होता, त्याला मोठ्या अक्षरातला छापील नमुना हवा होता. दुसऱ्या एका दुकानातून करून आणलेला नमुना रोझामायनी टेबलावर पसरला.

"माझ्या घोवाचं नाव कोन्सेसांव," त्या म्हणाल्या. "हें वाचून लोक कोन्सेइकाव म्हणतले. सी क शेपटी जाय, आणि ए च्या माथ्यार लाट जाय. त्याशिवाय तो माझो घोव न्हय."

घोव म्हणजे नवरा, जाय म्हणजे हवी, एवढं अक्कांना कळत होतं. शेपटीचा सी, ç असा, त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी डोळे मिटून ते नाव रोझामायकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि मग चिन्हांचा तक्ता उघडला. जगभरची अक्षरं त्यात ओळीनं उभी होती, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायात काटा. दोघी बायका पडद्याला डोळे लावून खाली खाली जात राहिल्या. शेवटी रोझामायनी बोट टेकवलं, "हीच ती शेपटी." लाटेचा ए, ã, त्याच्या जवळच सापडला. अक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दर वेळी तक्त्यात शोधायला नको म्हणून त्यांनी कळांची जोडी हुडकून काढली. कंट्रोल धरून स्वल्पविराम, सोडून सी, की शेपटी येते. आम्हा सगळ्यांकडून ती घोटून घेतली, जणू दुसऱ्या दिवशी रामनगरात पोर्तुगीज लोकांची रांग लागणार होती.

फाइल कारागिराला पाठवली आणि दुपारी त्याचा फोन आला. "नावात दोन ठिकाणी चौकोन आलेत. तेच कोरू काय?" त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तो फॉन्ट नव्हता, म्हणून शेपटी आणि लाट दोन्ही जाऊन रिकाम्या डब्या उरल्या होत्या.

"दगडाला हात लावू नका," अक्का म्हणाल्या. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या मला घेऊन खानापूरला गेल्या, हातात मोठ्या छपाईची गुंडाळी. कारागीर भला माणूस होता. त्यानं दगडावर कागद चिकटवला, कार्बन फिरवला, आणि शेपटीच्या टोकाशी थांबून विचारलं, "ही डावीकडं वळते काय, उजवीकडं?"

"डावीकडं. आणि लांब न्हाई, आखूड."

अक्षर छिन्नीनं उमटेपर्यंत आम्ही तिथंच एका अर्धवट घडवलेल्या तुळशीवृंदावनावर बसून होतो. नंतर रोझामायनी सांगितलं की मुंबईहून आलेल्या दिरानं दगड वाचला आणि नाव बरोबर उच्चारलं. त्या नाताळला क्लासमधल्या सगळ्यांना केक मिळाला.

मी पदवीला गेले तेव्हा सकाळचा क्लास अक्का माझ्यावर सोपवायला लागल्या होत्या. त्याच सुमारास त्यांच्या कानाचं माझ्या लक्षात आलं. एखादी गोष्ट दोनदा विचारायच्या. "ह्या गोव्याच्या गाड्यांनी डोकं उठवलंय" म्हणून खिडकी लावून घ्यायच्या. मला ते पटायचंही. पण एक दिवस कसल्याशा बंदमुळं रस्त्यावर एकही गाडी नव्हती, इतकी शांतता की खालच्या दुकानातला पाना पडलेला ऐकू यावा. त्या दिवशीही त्यांनी दोनदा विचारलं. आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली. नाव ऐकताना अक्का आता डोळे मिटत नव्हत्या. उलट मोठे करून माणसाच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्या हातून चूक होत नव्हती, आणि त्यांच्यासारख्या बाईला असं काही विचारायचं तरी कसं, हे मला ठाऊक नव्हतं.

गणपतीत मी गावी गेले. आमच्या वाडीच्या पलीकडं देवकीचं घर आहे. देवकी माझ्या आईच्या वयाची. तिची मुलगी मंजुळा त्या वर्षीच्या पावसात तापानं गेली होती. शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. ओढ्याला पाणी चढलेलं, दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. मी भेटायला गेले तर ओसरीवरच्या भिंतीवर मंजुळाचा फोटो चौकटीत लावलेला होता, त्याला अबोलीची वेणी. रामनगरला जाऊन देवकीनं तो मोठा करून आणला होता, खाली नाव घालून. नाव होतं मंगळा.

देवकीला वाचता येत नाही. घरात वाचणारी एक मंजुळाच होती. मी विचारलं, "हा कुणी करून दिला?"

"तुझ्या अक्कांनी. लय बरी बाय ती. पैशाचं म्हणाले तर ऐकूनच घेतलं न्हय."

अक्कांनी तिला नेहमीसारखं हाक कशी मारतेस म्हणून विचारलं असणार. तिनं रडत्या आवाजात, पदर तोंडाशी धरून सांगितलं असणार. ळ अक्कांना कळला, ज निसटला. त्यांनी वाचून दाखवलं असेल तेव्हा देवकीनं मान हलवली असेल. शहरगावच्या बायका असंच म्हणत असतील, असं तिला वाटलं असेल.

मी तिला तिथं काही सांगितलं नाही. रामनगरला परत आले, क्लास सुटेपर्यंत थांबले आणि अक्कांच्या शेजारी बसून, बोलायच्या ऐवजी पडद्यावर टाइप केलं, "अक्का, देवकीच्या मुलीचं नाव मंजुळा होतं. फोटोखाली मंगळा पडलंय."

त्यांनी ते वाचलं. कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. खालून एक ट्रक गेला, काचा हादरल्या, आणि तो आवाज आपल्यापर्यंत नीट पोचत नाही हे त्यांनी पहिल्यांदाच मला दिसू दिलं.

"अणशीची पहिली गाडी कधी सुटते?" त्यांनी विचारलं.

"नवी चौकट मी घेऊन जाते, अक्का. तुम्ही कशाला..."

"चूक माझी हाय, पोरी. आणि पुन्हा लिहायच्या आधी ते नाव मला तिच्याकडनं घ्यायचं हाय."

क्लासचा लॅपटॉप कापडी पिशवीत घालून आम्ही निघालो. जोयड्यात गाडी बदलली. पुढं उतरल्यावर चिखलातून बरंच चालायचं होतं. अक्कांचे गुडघे तेव्हाच दुखत असत, पण वाटेत त्या एकदाही बसल्या नाहीत. देवकी अंगणात भात वाळत घालत होती. अक्का ओसरीवर चढल्या, फोटोसमोर हात जोडले आणि वळून उभ्या राहिल्या.

"देवकीबाई, ह्या फोटोखाली तुमच्या लेकीचं नाव चुकलंय. मला ऐकू येत न्हाई नीट. ते मी तुम्हाला त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. सांगितलो न्हाई. मी चुकलो."

देवकीनं माझ्याकडं बघितलं, मग चौकटीकडं. "इतके दीस मी ह्याला फुलं घालतंय," ती म्हणाली. "दुसऱ्याच कुणाच्या चेडवाच्या नावाला." चेडू म्हणजे मुलगी.

अक्का मान खाली न घालता उभ्या होत्या. देवकी रागावली असती, घालवून दिलं असतं, तरी त्या तशाच उभ्या राहिल्या असत्या. देवकीनं आतून पाट आणला आणि ठेवला.

अक्का बसल्या. लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. "आता परत सांगा. मी तुमच्या गळ्याला हात लावला तर चालेल?"

देवकीनं मान हलवली. अक्कांनी दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि नजर तिच्या ओठांवर. देवकीचं तोंड उघडेना. लेक गेल्यापासून घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं, हे मला नंतर आईकडून कळलं. अक्का थांबल्या. कोंबड्या वाळत घातलेल्या भातात शिरल्या, मी उठून त्यांना हाकललं, परत येऊन बसले, तरी त्या तशाच थांबलेल्या होत्या.

"मंजुळा," देवकी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. अक्कांनी दुसऱ्या हातानं टाइप केलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. मी मान हलवली. ज जागेवर आला होता.

काम झालं होतं, पण देवकी थांबली नाही. अक्कांचा हात तिच्या गळ्यावरच होता. तिनं तोंड शेताकडं केलं आणि संध्याकाळी पोरीला घरी बोलवावं तशी हाक मारली. आवाज समोरच्या रानापर्यंत गेला. अक्कांना त्यातलं किती ऐकू आलं, मला माहीत नाही. पण बोटांखाली ती हाक किती लांब चालली ते त्यांना कळलं. त्यांनी लिहिलं, "मंजुळेऽऽ".

देवकीनं त्या शेवटच्या दोन वळणदार खुणांवर बोट ठेवलं. "हें काय?"

"ही तुमची हाक. आवाज लांबवला की हे चिन्ह घालायचं असतंय. तुम्ही जेवढं लांबवलात तेवढं घातलंय."

देवकीनं ती खूण बोटानं गिरवली. मग म्हणाली, नाव घाला, आणि खाली हीसुद्धा घाला. आज तिच्या ओसरीवर जी चौकट आहे तिच्यात मंजुळा हे नाव आहे आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात ती हाक. नवखी माणसं विचारतात, हे इंग्रजी एस कशाला. देवकी सांगते.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. जोयडा गेल्यावर म्हणाल्या, "कान गेला त्याचं वाईट वाटतंय. लपवलो त्याचं जास्त वाटतंय." मग एक जीप वाट अडवून उभी होती, तिच्यावर आमचा ड्रायव्हर ओरडायला लागला, आणि त्या त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "ह्याचं सगळं कळतंय मला." मी हसले, त्याही हसल्या.

त्याच आठवड्यात बेळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. नस सुकत चालली होती, राहिलेलंही जाणार होतं. कानाचं मशीन मिळालं, पण त्यात "ट्रक आणि माणूस एकाच दमात बोलतात" म्हणून ते अक्कांनी फक्त प्रवासात, मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा कळावा एवढ्यापुरतं घालायचं ठरवलं. माडीच्या दारावर तिन्ही भाषांत एक पाटी लागली, "मला ऐकू येत नाही. समोर बसून सावकाश बोला." पाटी त्यांनी स्वतः टाइप केली होती, मोठ्या ठळक अक्षरात. काही गिऱ्हाइकं गेली. अक्कांनी त्यांच्यामागं हाक मारली नाही. राहिली ती समोर बसून सावकाश बोलायला शिकली.

आणि एका बाजाराच्या दिवशी देवकी आली. परड्यातले कंद विकायला ती अधूनमधून रामनगरला यायचीच. टोपली रिकामी झाल्यावर माडी चढून आली, अक्कांच्या समोर बसली आणि कळफलकाकडं हात करून म्हणाली, "माका ती हाक घालूंक शिकय."

पाटी-पेन्सिल तिनं कधी हातात धरली नव्हती. अक्कांनी तिला तीही दिली नाही, सरळ कळांवरच बसवली. पहिल्या दिवशी म. दर बाजाराला ती येत राहिली. नांगराची, विळ्याची सवय असलेली तिची बोटं आधी कळ अशी दाबायची की अक्षर ओळभर पसरायचं. अक्का तिच्या मनगटाखाली हात धरायच्या आणि म्हणायच्या, "पेरायचंय, उपटायचं न्हाई." पावसाळा परत येईपर्यंत तिला लेकीचं नाव, स्वतःचं नाव, गावाचं नाव लिहिता यायला लागलं. मग एक दिवस तिनं बसवरची पाटी वाचली आणि ते सांगायला खालूनच माडीकडं बघून हात हलवत आली.

पण तिचं येणं अक्कांच्या कामाचंही झालं. नवखं गिऱ्हाईक भरभर बोलायचं, मिशांत बोलायचं, पान चघळत बोलायचं, आणि अक्कांना त्याचे ओठ कळायचे नाहीत. देवकी बाजूला बसलेली असायची. ती नाव ऐकायची, अक्कांकडं तोंड करायची आणि सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून परत म्हणायची. तिचे ओठ अक्कांना पाठ झाले होते. वयानं, जातीनं, भाषेनं वेगळ्या दोन बायका, एकीला ऐकू येत नाही आणि दुसरी नुकती वाचायला शिकलेली. पण बाजाराच्या दिवशी त्या माडीवर एकही नाव चुकत नव्हतं. कुणीतरी देवकीला विचारलं, "तुम्ही इथं नोकरीला काय?" ती म्हणाली, "न्हय. मी अक्कांचा कान."

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं निघालं आणि ती इमारत पाडायची ठरली. अक्कांचे गुडघेही आता जिना नको म्हणत होते. भावाचा मुलगा बेळगावात असतो, तो न्यायला आला. सगळ्यांना वाटलं अक्का खचतील. त्यांनी कॉम्प्युटर पुसून घेतले, खोकी बांधली आणि मला बोलावून सांगितलं, "हे जोयड्याला ने. तिथं एकही नीट क्लास न्हाई. देवकीला रामनगरपेक्षा जोयडा जवळ पडेल." एक टाइपरायटर त्यांनी स्वतःकडं ठेवलं, दुसरं मला दिलं. लाइट गेल्यावर काय करायचं, हे मला सांगायची गरज नव्हती.

जोयड्यात माझा क्लास चालू आहे. देवकी येते. आता ती नव्या पोरींना कळा दाखवते आणि त्या हसल्या तरी मनगटाखाली हात धरते. ठिपक्याचा ळ, शेपटीचा सी, उलटी दिसणारी मात्रा, सगळं मी शिकवते. कुणी विचारतं, एवढं कुणाला लागतंय. मी त्याला त्याचं नाव टाइप करायला सांगते.

गेल्या महिन्यात अक्कांना भेटायला बेळगावला गेले होते. आता त्यांना अजिबात ऐकू येत नाही. तब्येत चांगली आहे. भाच्याची बायको कन्नड आहे, तिला मराठी टायपिंग शिकवणं चालू आहे, आणि गल्लीतल्या मंडळाची सगळी छपाई त्यांच्या नजरेखालून जाते. मला सोडायला स्टँडपर्यंत आल्या, नको म्हटलं तरी. गाडीत मला खिडकी मिळाली. त्या खाली उभ्या होत्या, हातात छत्री, पायात काळे बूट. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी त्यांना कधी बोलून दाखवली नव्हती. गाडी सुरू झाली, इंजिन घरघरायला लागलं, आणि मला वाटलं आता नाही तर राहूनच जाईल. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "अक्का, मी आज जी काय हाय ती तुमच्यामुळं हाय."

सगळं स्टँड माझ्याकडं बघायला लागलं. अक्कांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा हात वर करून मला थांबवलं.

"वरडू नको," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला."